आत्याच्या हाती न दिलेली अक्षत

नागपूरला डोंगराळ शहर म्हटलं की नागपूरकर हसतात. हसोत. मी वाढलो ते गाव धामणगावच्या पलीकडं, काळ्या मातीच्या सपाटीवर आहे. तिथली सर्वांत उंच जागा म्हणजे रेल्वेचा पूल, आणि हंगामात जिनिंगमधला कापसाचा ढीग. एकविसाव्या वर्षापर्यंत मी कधी कुणाच्या घराचं छप्पर वरून पाहिलं नव्हतं. त्यामुळे ज्या दिवशी नागपूरच्या टेकड्या पायी हिंडलो, तो दिवस माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोकळ्या दिवसांपैकी एक होता. तो आठवला की अजून बरं वाटतं आणि लगेच वाईटही वाटतं. दोन्ही का, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. दिवाळी आटोपली आणि बाबांनी मला नागपूरच्या सहा घरांची यादी दिली. आमच्याकडं लग्नाची पत्रिका पोस्टानं गेली तर ती नुसती माहिती. बोलावणं म्हणजे अक्षत. घरच्या माणसानं दारात जायचं, कुंकवानं लाल केलेले तांदूळ हातावर ठेवायचे आणि तोंडानं म्हणायचं, सगळ्यांनी यायचं. एवढं केलं तर माणसं उन्हातान्हात दहा कोस येतात, आणि एवढंच राहिलं तर शेजारच्या गल्लीतूनही येत नाहीत.

यादीत पहिलं नाव आत्याचं होतं, बाबांच्या थोरल्या बहिणीचं. ती सेमिनरी हिल्सच्या उतारावर, गिट्टीखदानच्या बाजूला राहायची. बाबा तिला बाई म्हणत. नऊ वर्षांपूर्वी माझ्या काकांच्या लग्नात आत्याच्या यजमानांना मानाचा दुपट्टा द्यायचा राहून गेला होता. मुद्दाम नव्हे. गर्दीत तो भलत्याच पाहुण्याच्या गळ्यात पडला. आत्या आणि तिचे यजमान न जेवता उठून गेले. तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणं बंद होतं. आता बाबांना संधी दिसत होती, कारण आमच्या घरात नवरीला पहिली हळद आत्या लावते.

निघताना बाबांनी मला दोनदा बजावलं. "पयले टेकडीच्या गणपतीले अक्षत वाहाची. मंग सीधा बाईकडं. बाकीचे मंग. तिच्या हातावर अक्षत ठेव अन् सांग, बाबानं म्हटलं, तू आल्याबिगर हळद लागत नाही."

"पत्रिकेत लिहू का तसं?"

"लिहाचं असतं तर पोस्टानंच पाठवलं नसतं काय? तोंडानं सांग."

सकाळच्या पॅसेंजरनं नऊच्या सुमारास पोचलो. स्टेशनाबाहेर पडलं की टेकडीचा गणपती जवळच आहे. पायऱ्या चढून गेलो, अक्षत वाहिली, आणि वळून खाली पाहिलं तर ज्या गाडीतून उतरलो ती गाडी खाली उभी. तिची छपरं दिसत होती. इंजिनाचा धूर खालून वर, माझ्या पायांकडं येत होता. मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. एक पुजारी म्हणाला, "दर्शन तिकडं हाय, भाऊ. हे मालगाडीचं दर्शन होऊन राहिलं."

इथून सरळ आत्याकडं जायचं होतं. पण आत्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि सीताबर्डीतली आईची मावसबहीण अगदी वाटेवर. मी मनाशी म्हटलं, वाटेवरचं घर आधी करून घेऊ. यात काय बिघडतं. पुढं सगळं याच एका वाक्यानं बिघडलं, पण सकाळच्या थंडीत ते फार समंजस वाटलं होतं.

बर्डीच्या मावशीनं दिवाळीचा उरलेला चिवडा दिला. महाराजबागेजवळच्या घरी पुन्हा चिवडा. धरमपेठेत दोन घरं होती, दोन्हीकडं चिवडा आणि एकीकडं मऊ पडलेला अनारसा. अक्षत द्यायला आलेल्या माणसानं तोंड गोड केल्याशिवाय जायचं नसतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. घराघरांच्या मध्ये मी भटकत होतो. रिक्षावाला चढ आला की खाली उतरून रिक्षा ओढायचा आणि उतार आला की टुणकन सीटवर बसून दोन्ही पाय पसरायचा. मागच्या बाईसाहेब दोन्ही वेळा तितक्याच ताठ. सायकलवाले चढावर उभे राहून पेडल मारत आणि उतारावर हँडलवरचा एक हात सोडून केस मागं करत. एका वळणावर रस्त्याच्या कठड्याशी थांबलो तर खाली कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेले साबुदाण्याचे पापड आणि त्यांच्या शेजारी ऊन खात पडलेली म्हातारी दिसली. तिनं वर पाहिलं आणि काठीनं मला हुसकावलं. मी कावळा नव्हतो, पण तिच्या बाजूनं पाहिलं तर तसाच दिसत असणार.

हातगाड्यांवर संत्री होती. दोन घेतली आणि खात खात रामनगरच्या टेकडीकडं निघालो. यादीतलं पाचवं घर त्याच भागात होतं, ते झालं. टेकडी यादीत नव्हती.

वर देवळाच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरं धोतर, डोक्याला मफलर. मी दम खात शेजारी बसलो.

"कोठचा गा तू?"

मी गाव सांगितलं.

"अन् काय पाहून राहिला?"

"शहर."

"शहर तर खाली हाय. वर काहून चढला?"

"वरून नीट दिसतं म्हणून."

ते हसले. "मी तीस वर्सं झाले रोज चढून राहिलो. मले इथून फक्त पोराचं घर दिसते. अन् पोरगा घरी नाही, हेबी दिसते." मग माझ्या हातातली पिशवी पाहून म्हणाले, "लग्नाच्या अक्षता दिसतात. किती घरं राहिले?"

"एकच. आत्याचं. सेमिनरी हिल्सला."

"मंग आत्याची टेकडी सोडून ही काहून चढला, बाबू?"

मी त्यांना उरलेलं संत्रं दिलं. 

खरं कारण असं की मला आत्याकडं जायची धास्ती वाटत होती. रडणं होईल, जुनं निघेल, दुपट्टा निघेल, आणि मी मध्ये बसून मान हलवत राहीन. पायऱ्या, उतार, संत्री यांत ती धास्ती मागं पडत होती, म्हणून मी हिंडत होतो. तेव्हा हे मला कळत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. थोडंथोडं कळत होतं.

दुपार कलताना फुटाळा तलावाशी आलो. मी एवढं पाणी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. काठावर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत बसली होती. मी पाण्याकडं पाहत उभा राहिलो तर म्हणाली, "आत्ता काय पायता? सूर्य बुडते तवा पाय. समदं पाणी तांबडं होते."

"किती वाजता?"

"मले काय घड्याळ हाय? बुडंल तवा बुडंल."

मी शिंगाडे घेतले नाहीत. परत येतो म्हणून सांगितलं. आता विचार केला तर वाटतं, त्या बाईला मी शब्द दिला आणि तो मात्र पाळला.

टेकडी चढून आत्याचं घर शोधेपर्यंत पावणेपाच झाले. दोन खोल्यांचं कौलारू घर, दाराला कुलूप. शेजारच्या अंगणात एक बाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "तेलंगखेडीच्या मारुतीले गेल्या. येतेच आत्ता, अर्ध्या तासात. बैस ना भाऊ, च्या टाकतो."

माझी गाडी आठला होती. वेळ भरपूर होता. पण सूर्य टेकडीच्या कडेला आला होता. मी म्हटलं, "मला घाई आहे. ही पत्रिका आणि अक्षत त्यांना द्याल का?"

त्या बाईंनी सूप खाली ठेवलं. "अक्षत अशी ठेवून जातेत काय गा? सख्खा भाचा ना तू? हातानं दे."

"गाडी आहे," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. गाडी होती, तीन तासांनी.

त्यांनी हात पुढं केला नाही. मी पुडी आणि पत्रिका त्यांच्या सुपाच्या कडेला ठेवली आणि निघालो. बाबांचा निरोप मी त्यांना सांगितला नाही. परक्या बाईला काय सांगायचं, असं वाटलं.

उतारावरच्या वळणाला एक म्हातारी समोरून चढून येत होती. हातात पदरानं झाकलेलं ताम्हण, दुसरा हात कमरेवर मागं, आणि डावं पाऊल किंचित बाहेर पडायचं. ती बाबांची चाल होती. चेहरा पाहायची गरजच नव्हती. तोंड उघडून "आत्या" म्हटलं असतं तर परत वर जावं लागलं असतं, कुलूप उघडलं गेलं असतं, चहा, रडणं, दुपट्टा, आणि सूर्य गेला असता. मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागलो. अंगठा नीटच होता. तिची पावलं माझ्या शेजारून गेली, क्षणभर थांबली की काय असं वाटलं, आणि मग पुढं गेली. आवाज थांबेपर्यंत मी वाकलेलाच होतो.

मग मी धावत उतरलो. पाणी खरोखरच तांबडं झालं. एक नाव मधोमध काळी दिसत होती, बगळे रांगेनं परतत होते. मी काठावर बसून शिंगाडे सोलून खाल्ले, बोटं काळी झाली. सगळं मनासारखं झालं. त्या बाईनं विचारलं, "खोटं सांगतलं का म्या?" मी म्हटलं, नाही.

घरी बाबा जागेच होते. "बाईच्या हातात दिली?"

"दिली."

"काय म्हणे?"

"पाहू, म्हणाल्या."

बाबांचा चेहरा उजळला. "पाहू म्हणे? मंग येते. नसतं याचं तर तिनं तोंडावर सांगतलं असतं."

हळदीच्या दिवशी बाबा सकाळपासून गाडीच्या वेळा पाहत होते. पहिली गाडी गेली, दुसरी गेली. बहीण पाटावर बसली होती, बायका कुजबुजत होत्या. बाबा मांडवाच्या तोंडाशी कमरेवर हात मागं धरून उभे होते. मी त्यांच्यामागं पाणी वाढत फिरत होतो, दर फेरीला वाटायचं की आता सांगावं, आणि दर फेरीला पेले भरायचे असत. दुपारी आईनं हाक मारली तेव्हा ते वळले नाहीत. तसेच म्हणाले, "लावा." त्या दिवसानंतर त्यांनी बाईचं नाव घेतलं नाही. हातानं अक्षत घेऊन, पाहू म्हणून, आली नाही, याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता.

त्यानंतर मला नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. मनावर काही घेऊन फिरणारा माणूस कसा दिसतो मला माहीत नाही. मी तर चांगला जेवत होतो, हसत होतो. फक्त कुणी शिंगाडे आणले की उठून जायचो. बायकोला वाटायचं, मला बाधतात.

एकोणीस वर्षांनी त्याच बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. बाबा सत्तरीला आले होते. पुन्हा यादी झाली. शेवटी थोडं थांबून म्हणाले, "बाईले पोस्टानं पाठवून दे. मांगं हातानं देऊन कोणती आली होती."

मी म्हटलं, "मीच जातो."

"काहून? येत नाही ते."

"तरी जातो."

या वेळी नागपुरात मी कुठं थांबलो नाही. कठड्यांवरून खाली पाहिलं नाही. टेकडीवर आता टीव्हीचा मनोरा झाला होता आणि चढ मात्र तेवढाच होता. माझी छाती तेवढी राहिली नव्हती. आत्याचे यजमान आत खाटेवर झोपलेले होते, आणि आत्या अंगणात तुळशीला पाणी घालत होती, पुरती वाकलेली. मी पाया पडलो आणि कोण ते सांगितलं. तिनं तांब्या खाली ठेवला नाही.

"चप्पल दुरुस्त झाली काय तुही?" ती म्हणाली.

मी खाली माझ्या चपलांकडं पाहिलं.

"म्या त्या दिवशीच ओळखलं होतं. आमच्या घरची मान मांगूनबी ओळखू येते. थांबली होती म्या. तू उठला नाही." तिनं उरलेलं पाणी तुळशीत ओतलं. "घरी आली तं पत्रिका शेजारणीच्या सुपात. म्या म्हटलं, भावानंच सांगतलं असंल, ठेव अन् ये, तोंड नको पाहू तिचं."

मग मी सगळं सांगितलं. चिवडा, टेकड्या, संत्री, कुलूप, बाबांचा निरोप शब्दन् शब्द, आणि मी घरी सांगितलेलं खोटं. ती ओट्यावर बसून ऐकत होती. मी थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "मंग पळत पळत गेला कुठं होतास?"

"फुटाळ्याला. सूर्य बुडताना पाहायला."

तिनं पदराला हात पुसले. "कसं होतं?"

"चांगलं होतं, आत्या."

"चांगलंच असते ते," ती म्हणाली. "म्या रोज पायतो इथून. तू बसला असता अंगणात तं च्या पेता पेता दिसलं असतं."

मी वळून पाहिलं. अंगणाच्या टोकाला, दोन कडुनिंबांच्या मधून, खाली सगळा तलाव दिसत होता.

मी पिशवीतून अक्षतेची पुडी काढली. तिनं हात मागं घेतला. "भावाले सांगतलं हे?"

"नाही."

"मंग आधी त्याले सांग. अक्षत त्याच्या हातानं घेईन म्या."

बाबांना सांगणं आत्याला सांगण्याहून कठीण गेलं. ते खाटेवर सुपारी कातरत बसले होते. मी बोलत होतो तोवर अडकित्ता चालू होता, "पाहू, म्हणाल्या" हे मी रचलं होतं असं सांगितलं तिथं तो थांबला.   मग त्यांनी आईला हाक मारली आणि आपलं धुतलेलं धोतर कुठं आहे ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नागपूरला गेलो. गाडीत ते खिडकीबाहेर पाहत होते. स्टेशनवर उतरल्यावर आधी गणपतीच्या पायऱ्या चढले, अक्षत वाहिली, मग बर्डीच्या एका दुकानात जाऊन त्यांनी स्वतः निवडून एक जरीकाठी दुपट्टा घेतला आणि कागदात बांधून काखेत धरला. मला हात लावू दिला नाही. फुटाळ्यापर्यंत आम्ही रिक्षानं आलो. टेकडीचा चढ सुरू होतो तिथं त्यांनी रिक्षा थांबवली.

"वरपर्यंत नेईल ना हा," मी म्हटलं.

"म्या पायी जातो." त्यांनी धोतराचा सोगा खोचला. मी मागोमाग निघालो तसे ते थांबले आणि काठाकडं बोट केलं. "तू काहून येऊन राहिला? तू राय इथंच. तळं पाय तुहं."

मी थांबलो. ते निघाले. काखेत पुडकं, एक हात कमरेवर मागं, डावं पाऊल किंचित बाहेर. चार पावलं झाली की थांबत, श्वास घेत, पुन्हा निघत. वळणाशी, जिथं मी वाकलो होतो त्याच जागी, ते सर्वांत जास्त वेळ थांबले. मला वाटलं परततील. मग वरून कुणीतरी सावकाश, काठी टेकत उतरताना दिसलं. दोन वाकलेली माणसं वळणावर समोरासमोर आली. काय बोलली ते मला खालून ऐकू येणं शक्य नव्हतं. बाबांनी खिशात हात घातला आणि आत्यानं पदर पसरला, एवढं दिसलं. मग दोघं वर गेली, आणि कुणाची चाल कोणती ते मागून ओळखू येईना.

बाबांना परत खाली यायला संध्याकाळ झाली असती, आणि मला वर कुणी बोलावलं नव्हतं. मी काठावर बसलो. शिंगाडेवाली आता दुसरीच होती, तरुण. मी शिंगाडे घेतले, एकोणीस वर्षांनी. सूर्य उतरला आणि पाणी तांबडं झालं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशीही ते फार सुरेख दिसत होतं. पण मी बराच वेळ वर, दोन कडुनिंबांकडं पाहत होतो. तिथून तलाव दिसतो, हे मला आता माहीत होतं, आणि काठावर बसलेला माणूसही दिसत असणार.